स्वतःचं वाक्य

विनोद संपला, वर्ग हसला, आणि हशा ओसरायची वाट बघत तो खडू बोटांत फिरवत उभा होता, तेवढ्यात त्याला शेवटच्या बाकावर स्वतःची बायको बसलेली दिसली. विनोद तिच्यावरच होता. वर्गाला अर्थात ते ठाऊक नव्हतं. वर्गासाठी ती 'आमच्या ओळखीतली एक बाई' होती. तिनं कुणाला तरी फोन लावला, पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज इंग्रजीतून थांबायला सांगू लागला, आणि ही बया त्या यंत्राला अदबीनं म्हणाली, "बरं बरं, थांबते हं, तुमचं होऊ द्या सावकाश." इंग्रजी बोलायला शिकवण्याच्या या वर्गात दर महिन्याला नवं क्रियापद सुरू व्हायचं, नव्या क्रियापदाबरोबर दोन-चार नवी माणसं यायची, आणि तो हा विनोद पुन्हा सांगायचा. जुने लोकही हसायचे. त्यांच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी त्या यंत्राला उत्तर दिलेलं असणार अशी त्याची खात्री होती, आणि त्या खात्रीमुळे त्यांचं हसणं त्याला आणखीच गोड लागायचं. आता ती बाई भिंतीला टेकून, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर कोरी वही घेऊन बसली होती. तीही हसत होती. जरा उशिरा, पण सगळ्यांसारखीच, पहिल्यांदा ऐकल्यासारखी.

त्याला आधी वाटलं, घरी काहीतरी झालं. नळ फुटला असेल, किल्ली हरवली असेल, लेकीकडून काही भलतीच बातमी आली असेल. नवऱ्याच्या कामाच्या जागी बायका येतात त्या अशाच कारणांनी. पण वाईट बातमी आणणारं माणूस दारात घुटमळतं, खुणा करतं. वहीचं पहिलं पान उघडून, वर तारीख घालून, पेनचं टोपण मागे लावून बसत नाही. वहीतून फीच्या पावतीचं गुलाबी टोक बाहेर आलं होतं. म्हणजे ही खालच्या खिडकीशी रांगेत उभी राहिली, हिनं स्वतःच्या कमाईचे पैसे भरले, आणि खिडकीतल्या मुलीनं हिला ओळखलं नाही. ओळखणार कुठून? इतक्या वर्षांत त्यानं तिला या इमारतीची पायरी चढू दिली नव्हती. एकदा तो चष्मा घरी विसरला म्हणून ती तो घेऊन आली होती, तर त्यानं खालच्या टायरच्या दुकानापाशीच तिला गाठून, चष्मा घेऊन, आल्या पावली परत धाडलं होतं. त्याला कारण होतं. नव्या माणसांना पहिल्याच दिवशी तो ठासून सांगायचा, "सराव घरातून सुरू होतो. माझंच घ्या. मी घरी बायकोशी फक्त इंग्रजीत बोलतो. भांडतोसुद्धा इंग्रजीत." यावर माणसं कौतुकानं माना हलवायची. कुणीतरी म्हणायचं, बाईसाहेब नशीबवान. तो नम्रपणे खाली बघायचा. हे वाक्य आजही सांगायचं होतं, विनोदानंतर लगेच, तशी त्याची क्रमवारीच होती, आणि ते ओठांवर आलेलं असताना त्यानं गिळलं. तो फळ्याकडे वळला.

फळ्यावर त्यानं मोठ्या अक्षरांत 'गेट' हे क्रियापद लिहिलं आणि खाली रेघ मारली. रेघ वाकडी आली. या क्रियापदाची त्याला मनापासून किळस होती. घरगडी होता तो, कुणीही हाक मारावी आणि काहीही काम सांगावं. काही मिळालं की गेट, काही आणायचं की गेट, कुठे पोचलं की गेट. सर्दी झाली, भूक लागली, राग आला, लग्न झालं, म्हातारपण आलं, गाडीत चढलं, गाडीतून उतरलं, एखादी गोष्ट डोक्यात शिरली, सगळ्याला हाच. ज्याला नेमका शब्द सुचत नाही त्यानं याच्या खांद्यावर ओझं टाकावं आणि मोकळं व्हावं. कॉलेजात असताना त्यानं या क्रियापदाशिवाय एक अख्खा निबंध लिहिला होता. जिथे जिथे ते यायला हवं तिथे तिथे त्यानं असे शब्द घातले होते की वाचणाऱ्यानं शब्दकोश काढावा. प्राध्यापकांनी निबंध परत देताना समासात लिहिलं होतं, 'कष्ट दिसतात.' त्याला ती स्तुती वाटली होती, आणि पुढे कॉलेजातली शिकवायची जागा त्याच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या एका बावळट मुलाला मिळाली तोपर्यंत वाटत राहिली होती. आता ज्या क्रियापदाला त्यानं कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही त्याच्यावरच त्याचं पोट चालत होतं. टायरच्या दुकानाच्या वरचा मजला, खालून सतत येणारा रबराचा वास, एक पाय तोकडा असलेलं टेबल, आणि समोर ही माणसं.

ही माणसं! पुढच्या बाकावर लिफ्टवाला. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करायचा आणि हातांना लागलेलं ग्रीस वहीच्या प्रत्येक पानावर ठेवून जायचा. त्याच्या शेजारी नर्स. ड्यूटीवर जायच्या आधी यायची आणि अर्थ समजला नाही की पेशंटला विचारावं तसं त्यालाच विचारायची, 'नक्की कुठे दुखतंय, सर?' मग सलूनवाला. हा बोलता बोलता समोरच्याच्या केसांकडे बघायचा. त्याच्या विरळ झालेल्या केसांकडे तर जरा दयेनंच बघायचा. आणि आजोबा. नोकरीतून निवृत्त होऊन घरच्यांना नकोसे झालेले, म्हणून इथे येऊन सगळ्यांना नकोसे होणारे. ही टोपणनावं त्यानं दिलेली होती, अर्थात वर्गात नव्हे, घरी. संध्याकाळी घरी गेल्यावर जेवताना तो त्यांची वाक्यं सांगायचा. आज लिफ्टवाला काय बोलला माहितीय? हे बोलला. असं बोलला. खरं तर असं हवं. मग तो ते बरोबर वाक्य स्वच्छ उच्चारात म्हणून दाखवायचा आणि पाणी प्यायचा. बायको समोर बसून कुणाच्या तरी पॅंटची उंची कमी करत असायची, ओठांत टाचण्या धरलेल्या. टाचण्या धरलेलं माणूस बोलत नाही, मान हलवतं, आणि त्या हलणाऱ्या मानेला तो आयुष्यभर संमती समजत आला होता. कधी टाचण्या काढून ती विचारायची, "मग बिचाऱ्याचा चेहरा कसा झाला?" मुद्दा चेहऱ्याचा नसतोच, वाक्याचा असतो, हे तिला कधी कळलं नाही. पण आत्ता त्याच्या लक्षात आलं की या खोलीतलं प्रत्येक माणूस तिच्या ओळखीचं होतं. आत आल्या आल्या ती नेमकी कोण कुठे बसतं ते बघून, कुणाची जागा न घेता, शेवटी जाऊन बसली असणार.

त्यानं अर्थ सांगायला सुरुवात केली. आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला. पहिला अर्थ मिळणं, दुसरा आणणं. तो फळ्यावर लिहीत असताना पाठीमागे आजोबांची कुजबुज सुरू झाली. आजोबांची कुजबुज म्हणजे खालच्या टायरवाल्यालाही ऐकू जावी अशी.

"नवीन दिसता. काय करता?"

"कपडे दुरुस्तीच्या दुकानात आहे. फिटिंगचं काम."

"वा. मिस्टर?"

"आहेत ना."

"त्यांना येतं का इंग्रजी?"

"छान येतं."

"मग घरीच शिकायचं की हो! आमचे सर बघा, घरी मंडळींशी इंग्रजीतच बोलतात. तुमचे मिस्टर नाही शिकवत?"

खडू मोडला. मोडलेला तुकडा टेबलाखाली घरंगळत गेला आणि तो वाकला नाही, कारण वाकलं तर तोंड वर्गाकडे करावं लागलं असतं.

"त्यांना वेळ नसतो हो," ती म्हणाली. "दमून येतात."

अगदी घरच्या आवाजात म्हणाली. लेकीच्या शाळेत पालकांना बोलावलं की बाईंना ती हेच सांगायची, शेजारच्या लग्नात हेच, तिच्या भावाच्या आजारपणातही हेच. त्याच्यासाठी तिनं शिवून ठेवलेलं हे जुनं पांघरूण होतं, आणि आज भरवर्गात तिनं ते पुन्हा एकदा त्याच्या अंगावर घातलं. त्याला उपकार वाटायला हवे होते. त्याला तिचा रागच आला. ही गप्प राहते ती माझ्यावर मेहेरबानी म्हणून, असा काहीतरी तो राग होता. आणि अजून खरी गोष्ट पुढेच होती, कारण अर्थ सांगून झाले की साक्षी व्हायच्या.

'साक्ष' हे नाव सलूनवाल्यानं पाडलं होतं. पद्धत मात्र त्याची स्वतःची, आणि आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्यानं स्वतः शोधून काढली होती. प्रत्येकानं जागेवर उभं राहायचं आणि त्या क्रियापदाचं एक वाक्य बोलायचं, पण पुस्तकातलं नाही, स्वतःच्या आयुष्यातलं. पूर्वी कुणीही उठून काहीही बोलायचं, मला बंगला मिळाला, मला मोटार मिळाली. त्याला त्यांच्या स्वप्नांचा कंटाळा आला होता. म्हणून त्यानं नियम केला, वाक्य खरं हवं. माणूस वाक्य पुरं करेपर्यंत सर मध्ये बोलणार नाहीत. मग सर तेच वाक्य शुद्ध उच्चारात म्हणणार, सगळा वर्ग ते एका सुरात म्हणणार, एखाद-दोघं त्यावर इंग्रजीत प्रश्न विचारणार, आणि शेवटी सर विचारणार, "खरं की खोटं?" 'खरं' म्हटल्याशिवाय कुणी खाली बसायचं नाही. नव्या माणसाच्या पहिल्या वाक्याला टाळ्या. हे सगळं त्यानं इतक्या वेळा घरी फुशारकीनं सांगितलं होतं की तिला तोंडपाठ असणार. आणि तिला काहीही बोलता येईल. माझ्या नवऱ्याला राग येतो. माझा नवरा उशिरा घरी येतो. माझा नवरा समोर उभा आहे. क्रियापद तर असं की काहीही चालवून घेईल. एक साधं वाक्य, आणि इतक्या वर्षांचं ते इंग्रजीतलं घर लिफ्टवाल्यासमोर कोसळलं असतं. लिफ्टवाला काय, उद्या खालच्या खिडकीतल्या मुलीपासून टायरवाल्यापर्यंत सगळे जिन्यात त्याच्याकडे बघून हसले असते.

म्हणून त्यानं वेळ काढायला घेतला. जे अर्थ तो कधी सांगत नसे तेही सांगितले. नको असलेल्या गोष्टीपासून सुटका करून घेणं. चूक करून नामानिराळं राहणं. दुःखातून बाहेर पडणं. कुणाशी तरी पटणं, न पटणं. प्रत्येक अर्थ सांगताना तो मुद्दाम लांबण लावत होता, आणि प्रत्येक अर्थ तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला वाटत होतं की मागच्या बाकावर तो कुणीतरी झेलून वहीत ठेवतंय. एकदा त्यानं धीर करून पाहिलं. ती खाली मान घालून लिहीत होती, शिवताना घालते तशी, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून. फार पूर्वी, लेक शाळेत जायला लागली तेव्हा ती म्हणाली होती, "मलाही थोडं शिकवा ना. तिचा अभ्यास घ्यायला होईल." त्यानं तिला समोर बसवलं होतं आणि एक वाक्य म्हणायला सांगितलं होतं. ती अर्धं म्हणते न म्हणते तोच त्यानं दुरुस्त केलं. पुन्हा अर्धं, पुन्हा दुरुस्ती. मग तो हसला. वाईट हेतूनं नाही; खरंच हसू आलं म्हणून हसला, आणि ती उठून दूध उतू गेलं का ते बघायला गेली. दूध ठेवलेलंच नव्हतं. हा प्रसंग इतके दिवस त्याच्या डोक्यात कुठे होता देव जाणे. त्या प्रसंगाचा विनोद म्हणूनही त्याला उपयोग करता आला नव्हता, कारण त्यात शेवटी हसावं असं काही नव्हतं.

"सर, साक्षी घेऊ या ना," लिफ्टवाला म्हणाला. "मी पाठ केलंय, विसरेन."

घेणं भाग होतं. लिफ्टवाला उठला आणि शाळकरी पोरासारखे हात बाजूला ताठ धरून म्हणाला, "आय गॉट स्टक इन द लिफ्ट." सगळे हसले, सरांनी वाक्य म्हटलं, वर्गानं म्हटलं, खरं की खोटं झालं. "खरं, सर. तीही मीच दुरुस्त केलेली." नर्सनं सांगितलं की तिचा पेशंट बरा झाला. खरं की खोटं? "काल खरं होतं, सर. आज ड्यूटीवर गेल्यावर कळेल." सलूनवाल्याचं लग्न झालं होतं. कधी, म्हणून नर्सनं विचारलं, तर म्हणाला, लई वर्षं झाली, वाक्य सोपं म्हणून घेतलं. आजोबा उठले आणि मी म्हातारा होत चाललोय असं म्हणाले, आणि सगळा वर्ग 'खोटं, खोटं' म्हणून ओरडला, आणि आजोबा लाजले. एरवी हे सगळं तो घरी न्यायच्या डब्यात भरून घेत असे. काय ही आयुष्यं, काय ही वाक्यं, एकाही वाक्याला स्वतःचं घर सोडून दूर जाता येत नाही. आज त्यातलं काही भरलं जात नव्हतं, कारण जिला सांगायचं ती इथेच बसून त्याच्याआधी ऐकत होती, आणि आजोबा खाली बसताना त्यांच्या काठीला हात देत होती. चेहरा कसा झाला ते तिला आज विचारावं लागत नव्हतं.

खालून टायरवाल्याचं शटर अर्धं खाली ओढल्याचा आवाज आला. म्हणजे वर्गाची वेळ संपत आली. त्यानं डस्टर उचललं. "ठीक आहे, बाकीचं पुढच्या वेळी."

"सर, त्या नव्या बाई राहिल्या," आजोबा म्हणाले.

"त्या आजच आल्यात. त्यांना एकदम..."

"मला येईल, सर," ती म्हणाली आणि उभी राहिली.

सर म्हणाली. त्याला ती 'अहो' म्हणायची, लेकीसमोर 'बाबा' म्हणायची, रागावली की काहीच म्हणायची नाही. तिनं वही बाकावर ठेवली. पिशवी खांद्याला लावली, जणू वाक्य झालं की तसंच निघायचं होतं. उभी राहिलेली ती त्याला जरा उंच वाटली. घरी ती उभी असते तेव्हा तो बसलेला असतो, आणि तो उभा असतो तेव्हा ती कुणाच्या तरी झग्याची शिलाई उसवत वाकलेली असते. मध्यंतरी एकदा, किती दिवस झाले असतील, ती टाचण्या काढून म्हणाली होती, "मालकीणबाई म्हणत होत्या, नवीन दुकानात मला..." आणि तो पेपरातून वर न बघता बोलला होता, "म्हणत होत्या की म्हणाल्या? एकदाच म्हणाल्या असतील ना?" ती थांबली. मग म्हणाली, "म्हणाल्या," आणि टाचण्या परत ओठांत धरल्या. नवीन दुकानात काय, ते त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही, असं तो आजवर समजत होता. त्यानंतर कधीतरी शिवणयंत्र दुरुस्तीला गेलं. घर एकदम शांत झालं, आणि तो खुशीत येऊन म्हणाला होता, "दुरुस्त करूच नका म्हणावं." त्यावर ती हसली होती. आज हसली तशीच, जरा उशिरा.

सगळे माना वळवून तिच्याकडे बघत होते. तो वाट बघत होता. मध्ये बोलायचं नाही हा त्याचाच नियम होता, आणि त्याच्या लक्षात आलं की ती श्वास घेते, जुळवाजुळव करते, आणि तो गप्प उभा आहे, असं लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं.

"आय गॉट अ रूम," ती म्हणाली.

वाक्य बरोबर होतं. इतकं बरोबर की त्याला आधी फक्त सुटल्यासारखं वाटलं. नवऱ्याचं नाव नाही, घराचं नाव नाही, नुसतं साधं, सरळ, गुळगुळीत वाक्य, पहिला अर्थ, मिळणं. आणि उच्चार त्याचे होते. जेवणाच्या ताटावर लिफ्टवाल्याला, सलूनवाल्याला दुरुस्त करता करता त्यानं जे सांडलं होतं ते तिनं वेचून ठेवलं होतं. "गुड," तो म्हणाला, आणि सवयीनं, मान वर करून, आपल्या सर्वांत चांगल्या आवाजात त्यानं ते वाक्य म्हटलं. आय गॉट अ रूम. वर्ग एका सुरात म्हणाला. आय गॉट अ रूम. लिफ्टवाला म्हणाला, नर्स म्हणाली, आजोबा एक शब्द मागे राहून म्हणाले, आणि त्या सुरात, आजोबांचा 'रूम' अजून हवेत असताना, वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं.

"व्हेअर?" लिफ्टवाल्यानं विचारलं. त्याला प्रश्न विचारायची भारी हौस.

"अबव्ह द न्यू शॉप. टॉप फ्लोअर."

"लिफ्ट?"

"नो लिफ्ट."

वर्ग खदखदून हसला. लिफ्टवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. नर्सनं हसत हसत विचारलं, "अलोन?"

तिनं शब्द शोधला. "विथ माय मशीन," ती म्हणाली.

म्हणजे शिवणयंत्र दुरुस्तीला गेलंच नव्हतं. ते त्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी, उजेड डावीकडून येईल असं ठेवलेलं असणार, तिला तसंच लागतं. त्याला एवढं एकदम स्वच्छ दिसलं, आणि बाकी काही दिसेना. हिला अडवायला हवं. त्याचा राग उसळून आला, मग राग बाजूला सारून भीती पुढे आली, आणि ती भीती इतकी नवीन होती की तिला काय म्हणायचं ते त्याला, नेमक्या शब्दांचा एवढा अभिमान असलेल्याला, सुचेना. अडवायचं म्हणजे काय करायचं? दोन बाकांमधून मागे जायचं, तिचं मनगट धरायचं आणि म्हणायचं, घरी चल. कुणाच्या घरी, असं आजोबा विचारतील. आमच्या. म्हणजे सर, या तुमच्या मंडळी? मग लिफ्टवाल्याला आठवेल, घरी इंग्रजीतच बोलतात, भांडतातसुद्धा. मग नर्सला ती फोनवरची बाई आठवेल. ही नर्स दुखरी जागा बरोबर शोधते. आणि सगळे तिच्याकडे बघतील, त्याच्याकडे बघतील, आणि पहिल्यांदा कुणीतरी सलूनवाला, कुणीतरी टायरच्या वासात बसणारा आजोबा त्याची कीव करेल. एक वाक्य होतं. स्वतःचं, खरं. ही माझी बायको आहे. मराठीतही चाललं असतं. ते त्याच्या जिभेवर आलं, त्यानं ते चाचपलं, आणि ज्या माणसांना त्यानं कधी कवडीची किंमत दिली नव्हती त्यांच्या नजरेला भिऊन ते परत गिळलं. ते वाक्य त्याला जमणार नव्हतं. त्याच्या वर्गातल्या सगळ्यात ढ माणसालाही ते जमलं असतं.

"सर, खरं-खोटं राहिलं," सलूनवाला म्हणाला.

सगळे पुन्हा पुढे वळले. तो टेबलाच्या तोकड्या पायाकडे बघत होता. त्याखाली घातलेली पुठ्ठ्याची घडी तिनंच कधीतरी घरून करून दिली होती हेही त्याला आत्ताच आठवायचं होतं. विचारलं नाही तर? नियम मोडेल, लोक म्हणतील सर विसरले, ती खाली बसणार नाही, उभीच राहील. ती उभीच होती. काही घाई नव्हती तिला. त्याच्याकडे बघत, पिशवीचा बंद धरून, शांतपणे थांबली होती, पलीकडून आवाज यायची वाट बघत, तुमचं होऊ द्या सावकाश म्हटल्यासारखी. तिनं त्याला वेळ दिला होता. हे त्याला कळलं, आणि वेळ संपल्याचंही कळलं, कारण खाली टायरवाल्यानं शटर पूर्ण ओढलं.

"खरं की खोटं?" त्यानं विचारलं, आणि वर्गात बायकांशी बोलतो तसं जोडलं, "सांगा तुम्ही."

"खरं, सर."

टाळ्या पडल्या. नव्या माणसाच्या पहिल्या वाक्याला पडतात त्या, मनापासून. आजोबांनी तर काठी जमिनीवर आपटली. त्याचे हातही वर आले आणि एकमेकांवर आपटले, खडूची पूड उडाली, आणि कुणाला काही वेगळं वाटलं नाही. ती खाली बसली. वही उघडून, पेन धरून, पुढचं काय सांगतात ते ऐकायला तिनं फळ्याकडे बघितलं. बरी विद्यार्थिनी होती.

"नेक्स्ट," तो म्हणाला. ती शेवटच्या बाकावर होती, तिच्यामागे कुणी नव्हतं, नुसती भिंत होती, आणि सगळा वर्ग मान वळवून कोण उठतंय ते बघू लागला.